परहॅप्स सुपरवायझर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी इंग्रजीत लिहायचं ठरवलं होतं. मराठीत लिहितोय ते केवळ घाई आहे म्हणून.

सकाळी आइस्क्रीम फॅक्टरीत पोचलो तर कोल्डरूमच्या दारातून व्हॅनिला बाहेर वाहत आलेलं. शनिवारी संध्याकाळी दरवाजा उघडा राहिला, रविवारी सुट्टी. आज आख्ख्या पॅसेजमध्ये गोड चिखल. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, बुटांसकट त्यात उभे. दरवाजाचा बजर वाजला असणार, पण सुट्टीच्या दिवशी ऐकायला कोण? वॉचमन गेटवर, आणि गेट लांब.

साहेबांनी विचारलं, शनिवारी शेवटी आत कोण होतं? सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे. अशा वेळी एक तरी ठाम माणूस लागतो. मी म्हणालो, मौनी होता. मी माझ्या केबिनच्या काचेतून पाहिलं. दरवाजा न लावता सरळ निघून गेला.

मौनी म्हणजे कोल्डरूमचा ऑपरेटर. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं. बोलत नाही म्हणून मौनी. बोललाच तर ‘असेल’, ‘वाटतं’, ‘बघू’. अशा माणसाच्या हातात आख्खी कोल्डरूम दिली की दुसरं काय होणार! मी डिस्पॅचचा सीनियर क्लार्क आहे. माल किती गेला, कधी गेला, कुठे गेला, विचारा, खाडकन उत्तर. ‘वाटतं’ हा शब्द माझ्या तोंडून कोणी ऐकलेला नाही.

साहेबांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. बरं वाटलं. सुपरवायझरची जागा रिकामी आहे आणि ती भरायचं घाटतंय.

बूट अजून चिकट आहेत.

४ मार्च, मंगळवार

मौनी सस्पेंड. हेड ऑफिसहून चौकशीला एक बाई येणार आहेत. कंपनी नुकतीच विकली गेली, नव्या मालकांच्या माणसांना मराठी येत नाही. साहेब म्हणाले, तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजी करून देईन.

मी म्हणालो, सर, मी डायरेक्ट इंग्रजीतच देतो साक्ष.

साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की का? माझ्या काळजीपोटी असणार. पण यापुढे सुपरवायझरला इंग्रजी यायलाच हवं असा नियम आलाय. चौकशीच्या बाईंसमोर माझं इंग्रजी आयतंच दिसणार असेल तर ते झाकून कशाला ठेवू?

घरी हिला सांगितलं. हिचा पहिला प्रश्न, पण तुम्ही पाहिलंत ना नक्की?

घरच्या माणसांना आपली किंमत नसते.

५ मार्च, बुधवार

भाची आमच्याकडे राहायला आहे. बहिणीची मुलगी, शिकलेली नर्स. परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देतेय. तिला म्हटलं, तुझा अभ्यास मी घेत जाईन, तुझी रिव्हिजन होईल. माझं काय, मला येतंच.

आज तिचा धडा होता शंका आणि अनिश्चितता दाखवणाऱ्या शब्दांचा. मेबी, परहॅप्स, प्रॉबेब्ली, आय थिंक, आय गेस, मे, माइट. मी म्हणालो, एवढे शब्द कशाला? ज्याला माहीत नाही त्याने गप्प बसावं. ती म्हणाली, मामा, पेशंट विचारतो मी बरा होईन ना, तेव्हा गप्प बसून कसं चालेल? आणि नक्की होशील असंही म्हणता येत नाही. मग हे शब्द लागतात.

मुद्दा नर्सपुरता ठीक आहे.

तिने पायऱ्या समजावल्या. सर्टनली सगळ्यात वर. मग प्रॉबेब्ली. परहॅप्स आणि मेबी मध्यावर. माइट त्याच्याही खाली. पुढचं पान डाउटचं होतं, ते मी सोडायला लावलं. डाउट आपल्याला मराठीतूनच येतो, त्यात काय शिकायचंय.

६ मार्च, गुरुवार

साहेबांनी सगळ्यांना बजावलं. चौकशीत जे पक्कं माहीत आहे तेवढंच बोला. ज्याची खात्री नाही त्याला खात्री नाही म्हणा. खोटं निघालं तर सांगणाऱ्यावरही कारवाई होईल.

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे मुद्दाम बघत नव्हते. मला कळतं.

मी बेधडक आहे. दुपारचा डबा मात्र तसाच परत आणला. कँटीनमधलं पाणी तपासायला सांगितलं पाहिजे.

७ मार्च, शुक्रवार

आज लक्षात आलं की हे शब्द म्हणजे मोठी सोय आहे! ‘मौनीने दरवाजा उघडा टाकला’ म्हटलं की उद्या माझ्या अंगाशी येऊ शकतं. ‘परहॅप्स मौनीने दरवाजा उघडा टाकला’ म्हटलं की त्याचं व्हायचं ते होतंच, आणि मी नामानिराळा. बोलून न बोलल्यासारखं. हे आधी कोणी कसं सांगितलं नाही?

भाचीला विचारलं, परहॅप्स पुढे लावायचं की मागे? ती म्हणाली, मामा, ते मीठ नाहीये.

सवय व्हावी म्हणून घरातही वापरायला सुरुवात केली.

९ मार्च, रविवार

काल हिने विचारलं, उद्या माझ्या ताईला जेवायला बोलवू का? मी सवयीसाठी म्हणालो, परहॅप्स.

आज दुपारी ताई, तिचे यजमान, दोन मुलं आणि यजमानांचे वडील दारात. मी बनियनवर, दाढी अर्धी झालेली. हिला आत बोलावून विचारलं, हे काय? ही म्हणाली, तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

यजमानांचे वडील माझ्या खुर्चीत संध्याकाळपर्यंत बसले. निघताना म्हणाले, पुन्हा येऊ. मी माइट म्हणणार होतो. हिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी सर्टनली म्हणालो.

१० मार्च, सोमवार

हेड ऑफिसचं पत्र. बाई ‘टेंटेटिव्हली’ शुक्रवारी येणार. भाचीला अर्थ विचारला. म्हणाली, नक्की नाही असं त्यांनी नक्की कळवलंय.

आजपासून रोज नवीन कागदावर साक्ष लिहून पाठ करायची. सकाळी लिहिलेली: आय क्लीअरली सॉ हिम. खणखणीत आहे.

भाचीला वाचून दाखवली. तिने विचारलं, तोंड दिसलं होतं का त्याचं? मी म्हणालो, तोंड कशाला दिसायला हवं, पाठमोरा होता, पण जॅकेट दिसलं ना, राखाडी, जाडजूड. ती म्हणाली, मौनीकाकांचं एकट्याचं आहे का तसं? मी म्हणालो, कोल्डरूममध्ये जाणाऱ्या सगळ्यांना कंपनीच देते तसलं.

तिने नुसती वही मिटली. नर्सा अशाच असतात, थर्मामीटर बघतात आणि काही सांगत नाहीत.

क्लीअरली काढून टाकलं. वाक्य लांब होत होतं.

११ मार्च, मंगळवार

आज प्रयोग करायचं ठरवलं. म्हणजे मनाची खात्री आहेच, पण सायंटिफिक पद्धतीने पुन्हा. शनिवारी त्या वेळी चष्मा पुसायला काढला होता हे आता आठवलं. तेव्हा चष्मा काढून केबिनमध्ये बसलो आणि पॅसेजमध्ये नजर लावली.

थोड्या वेळाने कोल्डरूममधून राखाडी जॅकेट बाहेर आलं. तीच चाल, तेच पडलेले खांदे! माझं डोकंच फिरलं. सस्पेंड असून हा आत शिरलाच कसा? केबिनचं दार उघडून जोरात ओरडलो, अरे मौन्या, लाज आहे का काही?

साहेब होते. तापमान बघायला आत गेले होते.

माफी मागितली. साहेब म्हणाले, चष्मा घाला.

आता एक सांगतो. साहेब आणि मौनी यांच्या अंगकाठीत साम्य आहे ही गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती मी शोधून काढली. चौकशीत हे सांगायचं की नाही? नको. उगाच गुंता.

‘आय सॉ हिम’ चं ‘आय थिंक आय सॉ हिम’ केलं.

१२ मार्च, बुधवार

बसवत नाही. केबिनमधून पाणी प्यायला, पाण्यावरून गोडाऊनला, गोडाऊनमधून परत. लोडर विचारतो, भाऊ, काही हरवलंय का?

दोन ट्रकचे माल उलटसुलट लागले. चॉकलेट कपवाल्याला मँगो बार गेले. आजवर असं झालेलं नाही. चलन बनवताना मनात ‘प्रॉबेब्ली’ चालू होतं.

मौनी रोज गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसतो. आत येऊ देत नाहीत तरी वेळेवर येतो आणि सुटीच्या भोंग्याला जातो. मी आज पलीकडच्या रस्त्याने वळसा घालून गेलो. चालणं तब्येतीला चांगलं.

१३ मार्च, गुरुवार

बाईंचं शुक्रवारचं रद्द. आता ‘मोस्ट लाइकली’ पुढच्या शुक्रवारी. ही काय तऱ्हा! माणसाने किती दिवस तयार राहायचं?

संध्याकाळी घरी आलो तर मौनी बाहेरच्या खोलीत बसलेला. हिने चहा दिला होता, त्याने प्यायला नव्हता. भाची दारात उभी.

म्हटलं, आता हा रडणार, पाया पडणार, नाहीतर अंगावर येणार. तिन्हीला उत्तरं मनात तयार केली.

तो यातलं काहीच करेना. कप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, भाऊ, मी रोज आठवून बघतोय. मला वाटतं मी दरवाजा लावला होता. दांडा खाली ओढल्याचं हाताला आठवतं. पण ती आठवण त्या दिवशीची की आदल्या दिवशीची, ते कळत नाही. रोज तेच करतो ना. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणता. तुम्ही एवढं ठाम सांगताय म्हणजे मीच विसरलो असेन.

मी म्हणालो, हं.

तो म्हणाला, बायकोलाही मी तेच सांगितलं. भाऊ खोटं बोलायचे नाहीत.

मग जाता जाता चपला घालताना म्हणाला, तो दांडा ढिला वाटतोय असं मी मागे तुम्हाला म्हणालो होतो बहुतेक. लावला तरी मागे सरकतो असं वाटायचं. पण तेही नुसतं वाटायचंच.

गेला. चहा तसाच.

हिने जेवायला वाढताना ताट जरा जास्त आवाज करून ठेवलं.

१४ मार्च, शुक्रवार

दांड्याचं आठवलं.

आठवलं म्हणजे, आठवतंय असं वाटतं. महिन्याभरापूर्वी माल भरण्याच्या गडबडीत तो केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता. दांडा ढिला वाटतो म्हणाला. फिटरला निरोप मीच द्यायचा असतो, ते माझ्याकडेच आहे. मी त्याला म्हणालो, वाटतो म्हणजे काय? ढिला आहे की नाही ते नक्की करून ये, मग बोल. तो ‘बघतो’ म्हणून गेला आणि पुन्हा आला नाही.

माझं काय चुकलं? मोघम बोलणाऱ्याला मी शिस्त लावत होतो.

पण हे बाईंना कळलं तर त्या म्हणतील, दरवाजा दांड्यामुळे उघडला, आणि दांडा कोणामुळे राहिला?

म्हणजे आता मौनीनेच दरवाजा उघडा टाकलेला असणं फार गरजेचं आहे.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे, कोण वाचतंय.

१६ मार्च, रविवार

सुट्टी. घरात येरझाऱ्या. ही भाचीला म्हणाली, मामाला सांग, एक तर बसा नाहीतर बाहेर जा. बाहेर गेलो. बाहेरून परत आलो. गॅलरीच्या दाराची कडी लावली. लावली का ते बघायला पुन्हा उठलो. लावली होती. आत येऊन बसलो आणि वाटलं, बघितली ती लावलेली होती की मी बघायला गेलो म्हणून लावली?

आजवर मला असं कधी होत नसे. हा सगळा त्या इंग्रजी शब्दांचा परिणाम.

१८ मार्च, मंगळवार

साक्षीचा आजचा मसुदा: आय थिंक आय मे हॅव परहॅप्स सीन समबडी.

भाची पोट धरून हसली. म्हणाली, मामा, यात मौनीकाका तर नाहीतच, पण आता तुम्हीही उरला नाहीत.

हिचं माझ्याशी बोलणं अजून बंद. निरोप भाचीमार्फत येतात. आजचा निरोप: मामी म्हणतेय, जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नका.

मी निरोप पाठवला: मामीला सांग, ऑफिसच्या गोष्टी इतक्या सोप्या नसतात.

उलट निरोपाऐवजी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

२० मार्च, गुरुवार

बाई उद्या येणार. या वेळी पत्रात मोस्ट लाइकली वगैरे काही नाही, नुसतं ‘शी विल अराइव्ह’. एवढं भीतिदायक इंग्रजी मी आजवर वाचलं नव्हतं.

पण मला तोडगा सापडला. एकच वाक्य. छोटं. पाठ करायला सोपं. यात मौनीचं नाव आहे, म्हणजे दांड्याकडे कोणी जाणार नाही. आणि नक्की असंही म्हटलेलं नाही, म्हणजे माझ्यावर कारवाई नाही. ‘त्याने दरवाजा उघडा टाकला अशी मला शंका आहे.’ बस्स! शंका म्हणजे डाउट. आय डाउट ही लेफ्ट द डोअर ओपन.

परहॅप्स, माइट, सगळी गर्दी गेली. आपल्या घरातला शब्दच शेवटी कामाला येतो.

भाचीला दाखवणार होतो, पण उद्या तिचीही परीक्षा आहे, कानात बोळे घालून बसलीय. आणि दरवेळी तिला दाखवायलाच हवं असं काही नाही.

शांत वाटतंय. म्हणजे वाटायला हवं.

२१ मार्च, शुक्रवार

झाली साक्ष.

बाई चाळिशीच्या, बारीक, हळू आवाजात बोलणाऱ्या. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या त्या बाजूला त्या आणि साहेब, या बाजूला मी. मौनी कोपऱ्यात स्टुलावर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कॉलर मात्र दिसली, आतून उसवलेली.

बाईंनी आधी नाव, काम, किती वर्षं नोकरी वगैरे विचारलं. सगळं इंग्रजीत, आणि मी सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही काय पाहिलं?

पाठ केलेलं वाक्य समोर आलं आणि त्याच वेळी हेही आलं की मला एक राखाडी पाठ दिसली होती, बाकी काही नाही. ते मागे ढकललं आणि म्हणालो, मॅडम, आय डाउट ही लेफ्ट द डोअर ओपन.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, यू डाउट इट? तुम्ही आधी साहेबांना वेगळं सांगितलं होतं ना?

मला वाटलं त्यांना माझी शंका फारच कच्ची वाटतेय. म्हणून आवाज चढवून म्हणालो, येस मॅडम. आय स्ट्राँगली डाउट.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, थँक यू, हे म्हणायला हिंमत लागते.

हिंमत माझ्यात आहेच. पण पहिल्यांदाच कोणी ओळखली.

बाहेर आल्यावर उन्हात जाऊन उभा राहिलो. एसीमुळे.

मौनीचं वाईट वाटतंय. वाटायला नको, पण वाटतंय.

२२ मार्च, शनिवार

काहीतरी विचित्र चाललंय.

सकाळी गेटवर मौनी. सस्पेन्शन मागे घेतलं म्हणे. मला बघून पुढे आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. गार हात, वर्षानुवर्षं त्या खोलीत काम करून तसेच झालेत. डोळे भरलेले. मी म्हणालो, ठीक आहे, ठीक आहे. म्हटलं, टोमणा मारतोय की काय? पण याला टोमणे मारता येत नाहीत.

लोडरने सलाम केला. कँटीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

साहेब म्हणाले, तुमच्याबद्दल माझा गैरसमज होता. कोणता ते सांगितलं नाही.

फिटर कोल्डरूमच्या दांड्याचे स्क्रू काढून बसला होता. बाईंनी सांगितलंय म्हणे. त्या माणसाने उघडा टाकला नाही, तर मग दरवाजा कसा उघडला, हे शोधा.

त्या माणसाने नाही?

घरी आलो तर ही बोलायला लागली. आपणहून. मौनीची बायको येऊन गेली होती. ही म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो तुम्ही असं कराल. मी म्हणालो, मलाही. ते मात्र खरं होतं. मग बऱ्याच दिवसांनी नीट जेवण. पण डोक्यात तो फिटर.

२३ मार्च, रविवार

भाचीला गॅलरीत गाठलं. तिची परीक्षा चांगली गेलीय, त्यामुळे खुशीत होती. म्हटलं, एक सहज विचारतो, एका मित्राचं आहे. आय डाउट ही डिड इट म्हणजे काय?

ती म्हणाली, त्याने ते केलं असेल असं मला वाटत नाही.

मी म्हणालो, नाही नाही. त्याने केलं असावं अशी शंका.

ती म्हणाली, तो आपल्याकडचा डाउट, मामा. मराठीत आपण म्हणतो ना, माझा त्याच्यावर डाउट आहे. इंग्रजीत उलटं. शंका घ्यायची तर सस्पेक्ट. तुम्हीच ते पान सोडायला लावलं.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. ती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. आधी हसू फुटलं, मग एकदम थांबलं. म्हणाली, आणि स्ट्राँगली पण म्हणालात?

मी म्हणालो, हो.

आतून हिच्या गाण्याचा आवाज येत होता. ही कित्येक दिवसांनी गुणगुणत होती. भाचीने आवाज खाली आणून विचारलं, मग तुम्हाला खरं काय म्हणायचं होतं?

उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही आलं नाही. इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. माझ्या मनाच्या आतल्या कप्प्यात मला त्याला वाचवायचंच होतं. म्हणून तो शब्द तोंडात आला. मन आपल्याआधी ठरवतं. हेच खरं असणार.

भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, मेबी.

२५ मार्च, मंगळवार

फिटरचा निकाल. दांड्याची स्प्रिंग झिजलेली. दरवाजा लावला की लागतो, आणि थोड्या वेळाने आपोआप मागे सरकतो. म्हणजे मौनीने लावला होता. ती पाठ मौनीची होती की नव्हती याला आता काही अर्थच नाही.

पण मग बाईंचा पुढचा प्रश्न आला. जायच्या आधी त्यांनी मौनीला बोलावलं, मला आणि साहेबांनाही. साहेब दुभाषी. दांडा ढिला असल्याचं तुझ्या लक्षात आलं होतं का?

मौनी म्हणाला, वाटलं होतं तसं.

कोणाला सांगितलं होतंस?

माझे कान गरम झाले. खिडकीबाहेर ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती. मी शिट्टीकडे लक्ष दिलं.

मौनी माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, सांगितलं असेल बहुतेक. कोणाला ते आता आठवत नाही.

हा माणूस आठ वर्षांपूर्वीच्या लॉटचं तापमान तोंडपाठ सांगतो.

बिचाऱ्याची स्मरणशक्ती कमी व्हायला लागलीय. थंडीचा परिणाम.

मला बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण तेवढ्यात बाईंनी फाइल मिटली. मी काय करणार?

जेवलो नाही. मंगळवारचा उपवास सुरू करावा म्हणतो.

२६ मार्च, बुधवार

आज मात्र आनंदाची बातमी. बाई जाण्याआधी सुपरवायझरच्या जागेसाठी दोघांना विचारून गेल्या होत्या म्हणे, मला आणि, गंमत म्हणजे, मौनीला. मला सोमवारी व्हरांड्यात विचारलं होतं, हे काम जमेल का? मी लगेच म्हणालो होतो, हंड्रेड पर्सेंट मॅडम. मौनीला विचारलं तेव्हा तो म्हणाला, बघतो, जमेल असं वाटतं. हे साहेबांनीच हसत हसत सांगितलं.

मीही हसलो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

दोन शर्ट इस्त्रीला टाकले. हिला म्हटलं, सोमवारपासून बघ.

२८ मार्च, शुक्रवार

नोटीस लागली. मौनी.

पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याचं खरं नाव लिहिलेलं होतं म्हणून मला वाटलं बाहेरचा कोणी आला. लोडरने सांगितलं.

इंग्रजीच्या नियमाचं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, त्याला शिकवायचं ठरलंय, कंपनी क्लास लावणार आहे. मग जरा घुटमळून म्हणाले, तुमचंही नाव त्यात घालू का?

इस्त्रीवाल्याकडून शर्ट आणायचे राहिले.

३१ मार्च, सोमवार

मौनीचा सुपरवायझर म्हणून पहिला दिवस. सकाळी तो माझ्या केबिनच्या दारात आला, आणि मी उभा राहिलो. आपोआप. आजवर त्याला अरे-तुरे करत आलो, आज तोंडातून ‘या, बसा’ निघालं. तो जास्तच संकोचला. बसला नाही.

म्हणाला, भाऊ, एक विचारू? रागावणार नसाल तर. त्या संध्याकाळी तुम्ही मला पाहिलं होतं का खरंच?

सगळे शब्द समोर उभे राहिले. परहॅप्स, प्रॉबेब्ली, आय थिंक, आय गेस. त्यांच्यामागे लपायला भरपूर जागा होती.

मी म्हणालो, माहीत नाही.

त्याने मान हलवली. रागावला नाही. उलट बरं वाटल्यासारखा दिसला. मग म्हणाला, नवी स्प्रिंग यायला आठवडा लागेल असं फिटर म्हणतो. तोपर्यंत दरवाजा मागे सरकतो का ते बघायला कोणीतरी समोर बसायला हवं. लोडरला ठेवलं तर तो झोपतो. तुम्ही बसाल का? चलनं तिथेच बसून करता येतील. टेबल लावून देतो.

चेष्टा नव्हती. त्याने खरंच विचार करून ठरवलं होतं. जाताना स्वतःचं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं, म्हणाला, दारातून गार वारा येतो.

तर दिवसभर कोल्डरूमसमोर स्टुलावर बसलो. राखाडी जॅकेट घालून. चष्मा लावून. येणारेजाणारे मागून मौनी समजून हाक मारत होते.

दरवाजा दिवसभर बंदच होता. चार वाजता मी जरा चहाला गेलो होतो, तेव्हाचं माहीत नाही.